बायपासनंतर पेशंटला झोपवून ठेवू नका: वॉर्डातल्या आणि घरच्या व्यायामाविषयी

वॉर्डातली_फिजिओ

मी कोल्हापुरात हृदयाच्या ऑपरेशनच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. बायपास झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसवायला गेलं की घरचं कुणीतरी आडवं येतंच. "मॅडम, कालच छाती उघडलीया, आज कशाला उठवताय?" विचारणाऱ्याच्या पोटात माया असते, आणि आयसीयूच्या दारात मला पुरतं उत्तर द्यायला वेळ नसतो. म्हणून हा धागा.

ऑपरेशन हृदयाचं असलं तरी पहिले दोन-तीन दिवस माझं बरंचसं लक्ष फुप्फुसांकडे असतं. भूल, व्हेंटिलेटर, छातीतल्या नळ्या आणि दुखणं या सगळ्यामुळे माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकायला भितो. मग फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा पोचत नाही, तो मिटतो, तिथे कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. डाव्या बाजूला हे जास्त दिसतं, कारण बायपाससाठी छातीच्या आतल्या बाजूची जी धमनी वापरतात ती बहुधा डावीकडची असते. म्हणून व्हेंटिलेटरची नळी निघून पेशंट नीट शुद्धीवर आला की आमचं काम सुरू. खोल श्वास घ्यायचा, आणि छातीवर उशी किंवा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट धरून खोकायचं. उशीमुळे हाडाला आधार मिळतो आणि दुखतंही कमी. "खोकू नका, टाके तुटतील" असं उशाशी बसून सांगू नका, एवढी कळकळीची विनंती.

मग बसणं. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून, मग आधाराने उभं राहणं, मग खुर्ची. छातीतल्या नळ्या अजून आत असल्या तरी बाटल्या हातात धरून आम्ही चार पावलं चालवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बहुतेक जण वॉर्डाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारतात आणि घरी सोडण्यापूर्वी आम्ही एक जिना चढवून-उतरवून पाहतो. हे वेळापत्रक सगळ्यांना सारखं लागू होत नाही. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या, किडनीचा त्रास असलेल्या किंवा खूप वयस्कर माणसाला जास्त दिवस लागतात आणि त्यात काही बिघडत नाही.

हे सगळं डोळे मिटून चालत नाही. प्रत्येक पायरीला आधी आणि नंतर बीपी, नाडी, ऑक्सिजन बघतो. ऑपरेशन झालेल्यांमध्ये नाडी आरामाच्या वेळेपेक्षा साधारण ३० ने वाढली की तिथेच वेग कमी करतो. चालताना वरचं बीपी वाढायच्या ऐवजी उतरायला लागलं, चक्कर आली, घाम फुटला, छातीत दाटलं, तर थांबतो, बसवतो आणि डॉक्टरांना कळवतो.

विश्रांतीची समजूत आली कुठून, तर पूर्वी डॉक्टरच तसं सांगायचे. हार्ट अटॅक आला की सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवायचे. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अटॅकच्या पेशंटना आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं लिहिलं, तेव्हा तेही धाडस वाटलं होतं. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. त्यांच्या शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता गेली त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती. धडधाकट पोरांचं हे झालं, मग साठीतल्या, शुगर असलेल्या, छाती उघडलेल्या माणसाचं काय होत असेल?

आता हाडाबद्दल, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. छातीचं मधलं हाड उभं कापून, नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते बऱ्यापैकी धरायला सहा ते आठ आठवडे आणि पक्कं व्हायला जवळपास तीन महिने लागतात. तोवर जड उचलणं, ढकलणं, ओढणं आणि एकाच हातावर जोर देणं टाळायचं. दोन-तीन किलोंच्या वरचं काही उचलू नका असं आम्ही सांगतो. अंथरुणातून उठताना हाताचा रेटा देऊ नका, कोणाला हात धरून ओढायलाही लावू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग उठा. खांद्यांच्या हालचाली मात्र चालूच ठेवायच्या, दोन्ही हात एकदम, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत. त्या थांबल्या की खांदे आखडतात आणि माणूस पुढे वाकून चालायला लागतो.

तुमच्या घरातल्या पेशंटबद्दल प्रश्न असतील तर विचारा. औषधांचं आणि परवानगीचं शेवटचं तुमच्या सर्जननाच विचारायचं आहे, हे धरून चालते.

पंचगंगेकाठी

ताई, फार गरजेचा धागा. आमच्या बाबांची बायपास होऊन ते नुकतेच घरी आलेत. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची लांबलचक यादी आहे, चालण्याबद्दल फक्त "हळूहळू चालावे" एवढंच. किती, कधी, काहीच नाही. त्यात गावाकडून काका आलेत, ते म्हणतात तीन महिने हलायचं नाही. आई काकांचं ऐकते, बाबा कोणाचंच ऐकत नाहीत. आणि श्वासाच्या व्यायामासाठी ते तीन गोळ्या आत असलेलं यंत्र (स्पायरोमीटर) दिलंय, बाबा त्यात जोरात फुंकर मारतात, गोळ्या काही हलत नाहीत. खराब आहे का ते?

वॉर्डातली_फिजिओ

यंत्र चांगलं असणार. त्यात फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. आधी श्वास पूर्ण सोडा, तोंडात नळी घट्ट धरा आणि सावकाश, लांब श्वास आत घ्या. पहिली गोळी वर गेली की ती दोन-तीन सेकंद वरच राहील असं बघा. तिन्ही गोळ्या एका झटक्यात उडवण्यापेक्षा एकच गोळी जास्त वेळ धरून ठेवलेली जास्त कामाची. तासाला साधारण दहा वेळा, सलग न करता मध्ये थांबत. चक्कर वाटली तर थांबायचं.

चालण्याचं असं: पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. घरातल्या घरात, गल्लीत, काहीही चालेल. जमतंय असं दिसलं की दर एक-दोन दिवसांनी एखाद-दुसरं मिनिट वाढवायचं. चार ते सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत बहुतेक लोक पोचतात. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं अगदी सावकाश. एकदम थांबून खुर्चीत कोसळायचं नाही, त्याने बीपी पडतं.

वेग कसा ओळखायचा, तर चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त झाला. नाडीवर फार विसंबू नका, कारण बायपासनंतर बहुतेकांना ठोके कमी ठेवणारी गोळी असते. तिच्यामुळे माणूस दमला तरी नाडी तेवढी वाढत नाही. म्हणूनच आम्ही वॉर्डात स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची पट्टी वापरतो. पेशंटने स्वतःच सांगायचं, किती श्रम वाटतात. ६ म्हणजे काहीच नाही, १३ म्हणजे थोडं जड. सुरुवातीला १३ च्या वर जाऊ देत नाही.

काकांना रागावू नका. त्यांनाच रोज बाबांच्या सोबत चालायला लावा.

पंचगंगेकाठी

काकांना हे पटेल असं वाटतंय. धन्यवाद ताई.

आयसीयूतली_सिस्टर

फिजिओ मॅडमनी लिहिलंय त्याला नर्सच्या बाजूने थोडी जोड. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात बऱ्याच पेशंटचे ठोके अचानक बेताल होतात. साधारण दहातल्या तिघांना हे होतं. नातेवाईक घाबरतात आणि "चालवलं म्हणून झालं" असा आरोप आमच्यावर येतो. ऑपरेशनमुळे हृदयाला जी सूज असते तिचा हा भाग असतो. न चालवलेल्यालाही होतं. औषध देतात, त्या दिवशी चालणं थांबवतात किंवा कमी करतात, ठोके आवाक्यात आले की पुन्हा सुरू.

दुसरं म्हणजे पाय. बायपाससाठी शीर पायातून काढलेली असेल तर तो पाय सुजतो. बसताना पाय खाली लोंबकळत ठेवू नका, समोर स्टूल घ्या. पायावर पाय टाकून बसू नका. पलंगावर असताना पावलं वर-खाली हलवत राहा, रक्त साकळण्याचा धोका त्याने कमी होतो. आणि घरी वजनकाटा असेल तर रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन लिहून ठेवा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ती बहुधा चरबी नसते, अंगात पाणी साठत असतं. लगेच फोन करा.

राजारामपुरीची_सून

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्तींचं, ऑपरेशन झालंय. सगळे लेख, सगळ्या सूचना पुरुष पेशंट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात असं मला फार जाणवतं. "ऑफिसला कधी जावं" असतं, पण भाकरी कधी थापावी हे कुणी लिहीत नाही. आमच्या आत्तींना घरात रिकामं बसणं म्हणजे शिक्षा वाटते. आम्ही नसताना परात घेऊन बसतात. कपडे पिळतात. एकदा नळाला पाणी आलं तर घागर उचलायला निघाल्या होत्या. त्यांना काय सांगू?

वॉर्डातली_फिजिओ

तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि याचा तोटा बायकांना होतो. व्यायामाच्या कार्यक्रमासाठी बायकांना पाठवण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असतं, हे देशोदेशी दिसलंय. पाठवलं तरी घरकामामुळे त्यांचं येणं तुटतं. "घरात दिवसभर फिरतच असते की" म्हणून चालणंही बाजूला पडतं. घरात येरझारा घालणं आणि सलग वीस मिनिटं चालणं यांचा हृदयावरचा परिणाम वेगळा आहे. त्यांना चालायला वेळ काढून द्या, आणि तेवढा वेळ हाक मारू नका.

भाकरी थापताना दोन्ही तळव्यांचा दाब थेट छातीच्या हाडावर येतो. कणीक मळताना आणि पोळ्या लाटताना तेच. त्यामुळे हाड पक्कं झाल्याचं सर्जननी तपासून सांगेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, हे नाही. कपडे पिळणं, घागर, भरलेला कुकर, गॅसचा सिलिंडर सरकवणं, पाट्यावर वाटणं, हेही नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांपासून करता येईल असं बरंच आहे: खुर्चीवर बसून भाजी निवडणं, शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या, देवपूजा, फोडणी देणं. त्यांच्या हातात ही कामं आपणहून द्या. नुसतं "बसा" म्हटलं की त्या परातीकडे जाणारच.

आणखी एक, जे बायका लाजून विचारत नाहीत. छातीवरच्या जखमेवर स्तनांच्या वजनाचा ताण येतो, त्याने दुखतं आणि जखम भरायला वेळ लागतो. पुढून बंद होणारी, तार नसलेली, मऊ सुती ब्रा पहिल्या दिवसांपासूनच घातली तर फार आराम पडतो. सर्जन पुरुष असले तर सिस्टरना विचारा. संकोच करू नका.

राजारामपुरीची_सून

हे शेवटचं कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ती रात्रभर कुशी बदलत होत्या, आता कारण कळलं.

लाल_मातीतला

नमस्कार ताई. मी जुना तालमीतला माणूस. उभी हयात जोर-बैठका मारल्या, खासबागेच्या कुस्ती मैदानात लढलोय. बायपास झाली. आता जिना चढताना पण जीव घाबरा होतो. छातीत काही तुटंल का, ठोका बंद पडंल का, हेच डोक्यात. घरची म्हणत्यात तुम्ही पैलवान, तुम्हाला काय होतंय. त्यांना सांगता येत नाही. परत जोर मारता येतील का?

वॉर्डातली_फिजिओ

पैलवानकाका, ही भीती आमच्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते, आणि अंगात ताकद असलेल्या लोकांना ती जास्त छळते. ज्या शरीराने कधी दगा दिला नाही त्याच्यावरचा भरवसा उडालेला असतो. बायपासनंतर काही आठवडे विनाकारण रडू येणं, झोप न लागणं, कशातच मन न रमणं, हेही पुष्कळांना होतं. दोन-तीन आठवड्यांत ओसरलं नाही तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यावर उपचार आहेत. घरच्यांनाही सांगा. तुम्ही इथे आमच्यापुढे लिहिलंत, तसंच.

भीती जायला माझ्या पाहण्यात सर्वांत उपयोगी ठरतं ते देखरेखीखाली चालणं. ट्रेडमिलवर किंवा सायकलवर, छातीला ईसीजीच्या तारा लावून, समोर कोणीतरी जाणकार उभं असताना माणूस वेग वाढवतो आणि काही होत नाही हे त्याला स्वतःला दिसतं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये ही सोय आहे का विचारा. नसेल तर निदान सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या. सपाट व्हरांड्यात सहा मिनिटांत किती मीटर चालता, एवढंच मोजतात. काही आठवड्यांनी तीच पुन्हा केली की आकडा वाढलेला दिसतो, आणि तालमीतल्या माणसाला आकड्याची भाषा कळते.

जोर आत्ता अजिबात नाही. पूर्ण शरीराचा भार हातांवरून छातीच्या हाडावर येतो. तीन महिने झाले, हाड पक्कं आहे असं सर्जन म्हणाले, चालण्याची चाचणी चांगली आली, की आधी भिंतीला हात टेकून उभ्याने, मग टेबलाच्या उंचीवर. बैठकांचं तसं नाही. खुर्चीवरून न धरता उठणं-बसणं हीच तुमची पहिली बैठक, ती आत्ताही चालेल. श्वास मात्र कधीही कोंडायचा नाही. जोर मारताना तालमीत दम धरायची सवय असते, तिच्याने बीपी एकदम चढतं. उठताना श्वास सोडा. मोठ्याने आकडे मोजलेत की श्वास आपोआप सुटतो.

लाल_मातीतला

आकडे मोजत आज खुर्चीवर केल्या. बरं वाटलं. मुलाला पण हे वाचायला दिलं.

शंकेखोर_वाचक

मुद्दा पटतो, पण प्रामाणिकपणे विचारतो. माझ्या सासऱ्यांनी बायपासनंतर काहीच व्यायाम केला नाही, तरी ते ठणठणीत आहेत. व्यायामाने खरंच आयुष्य वाढतं याला काही पुरावा आहे का? आणि योगासनं पुरेशी नाहीत का?

वॉर्डातली_फिजिओ

पुरावा आहे आणि चांगला आहे. २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने ६३ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात १४ हजारांहून जास्त हृदयरोगी होते: अटॅक आलेले, बायपास झालेले, अँजिओप्लास्टी झालेले. व्यायामाचा कार्यक्रम केलेल्यांमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू कमी होते. पुन्हा हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण शंभरातल्या ३१ वरून २६ वर आलं होतं. एकूण सगळ्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये मात्र स्पष्ट फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. तुमचे सासरे ठणठणीत आहेत याचा आनंदच आहे, पण एका माणसावरून बाकीच्यांना सल्ला देता येत नाही.

योगाबद्दल आपल्याच देशात मोठा अभ्यास झालाय. भारतातली २४ हॉस्पिटलं, जवळपास चार हजार पेशंट, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. योगावर आधारलेला कार्यक्रम केलेल्यांची प्रकृती त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार जास्त सुधारली आणि ते आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत ठाम फरक सिद्ध झाला नाही. हे पेशंट हार्ट अटॅकचे होते, म्हणून छाती उघडलेल्या माणसाला ते जसंच्या तसं लावता येत नाही. प्राणायामातला सावकाश श्वास चालेल, कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं नको. सूर्यनमस्कार, भुजंगासन, हातांवर भार येणारं काहीही, हाड भरेपर्यंत नको.

कागलकर

म्याडम, आमच्या थोरल्या दादाची बायपास झाली. घरी चार म्हशी. दादाला धार काढल्याशिवाय चैन पडत नाही आणि म्हशी पण दुसऱ्याला दूध देईनात. म्हणतोय, बसून तर काढायची, त्यात कसलं वजन? आणि पाऊस लागलाय, शेतातनं चालायला वाट नाही, गावात सगळा चिखल.

वॉर्डातली_फिजिओ

दादांना सांगा, धार काढताना तीन गोष्टी एकदम होतात. उकिडवं बसणं, मुठी आवळून सतत जोर लावणं, आणि वर भरलेली बादली उचलणं. त्यात म्हैस केव्हा हिसका देईल याचा नेम नाही. दावं हातात असताना तिने मान झटकली तर तो झटका सरळ छातीच्या हाडावर येतो. माझी खरी भीती ती आहे. त्यामुळे तीन महिने धार नाही, दावं धरून म्हैस पाण्यावर नेणंही नाही. म्हशी त्यांच्याशिवाय पान्हवत नसतील तर दादांनी गोठ्यात खुर्ची टाकून, शिंगा-लाथांपासून लांब, तिला दिसेल असं बसावं, बोलावं. धार दुसऱ्याने काढावी.

उकिडवं बसणं हा संडासचाही प्रश्न आहे. घरी भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर मेडिकल दुकानात भोक असलेली खुर्ची मिळते, ती वर ठेवा. कुंथायचं नाही. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

पावसात चालायला ओसरी, सोपा, देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, काहीही पुरे. ओली फरशी आणि गच्ची टाळा, घसरून हातावर पडले तर हाडाचं अवघड होतं. दादा शेतकरी आहेत, त्यांचा वेग आपल्याला कमी वाटला तरी त्यांना तो जास्तच ठेवायची सवय असेल, म्हणून बोलत चाला.

पंचगंगेकाठी

ताई, पुन्हा मीच. बाबांना रंकाळ्यावर नेऊ का आता? आणि दर्शनाला जायचं म्हणतायत, अंबाबाईला आणि जोतिबाला. स्कूटरचंही विचारत होते.

वॉर्डातली_फिजिओ

रंकाळ्यावर न्या, पण पूर्ण फेरीचा हट्ट नको. जाताना जेवढं चाललं तेवढंच परत यायचं असतं हे विसरून लोक लांब जातात. मध्ये टेकायला जागा असेल असा सपाट भाग निवडा. विद्यापीठाच्या परिसरात चढ आहेत, तो पुढच्या महिन्यासाठी ठेवा. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्या.

अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी नसेल तेव्हा. रांगेत रेटारेटी झाली तर धक्का छातीलाच लागतो. जोतिबाच्या पायऱ्या तीन महिने तरी नकोत. स्कूटर सहा ते आठ आठवडे नाही, आणि नंतरही सर्जन हो म्हणाले तरच. हँडलचे धक्के आणि अचानक ब्रेक, दोन्ही हाडाला वाईट. मागे बसूनही नको. आणि खूण म्हणून सांगते: उठता-बसता किंवा खोकताना छातीच्या हाडात कट-कट आवाज आला, हाड सरकल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर वाट न बघता त्याच दिवशी सर्जनकडे.

पंचगंगेकाठी

बाबांना शुगर आहे, सकाळी इन्सुलिन घेतात. चालायला आधी की नंतर?

वॉर्डातली_फिजिओ

इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी चालायचं नाही. नाश्ता झाल्यावर तास-दीड तासाने न्या. सुरुवातीचे काही दिवस चालण्याआधी आणि नंतर ग्लुकोमीटरवर शुगर बघून वहीत लिहा. १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन थोडं थांबा. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, हात थरथरले, घाम आला, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच द्या. पायात चप्पल नको, बंद बूट आणि सुती मोजे. घरी आल्यावर तळवे बघा, शुगरवाल्यांना जखम झालेली कळत नाही. आणि ती वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. चालणं वाढलं की इन्सुलिनचा डोस कमी करावा लागू शकतो, तो त्यांनीच ठरवायचा.